वाफाळत्या भूमीचे छायाचित्रण

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी पसरलेला रोटोरुआ-टाउपो परिसर हा जगातील प्रमुख भूऔष्णिक प्रदेशांपैकी एक मानला जातो. उकळत्या पाण्याचे झरे, गायझर, बुडबुडणारे चिखलाचे डोह आणि जमिनीच्या भेगांतून अखंड बाहेर पडणारी वाफ यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा प्रदेश पर्यटकांचे आणि त्यांच्या पाठोपाठ छायाचित्रकारांचे आकर्षण ठरला. न्यूझीलंडमध्ये शिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. ऑकलंडपासून रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर अंतरावर, तर हॅमिल्टनपासून त्याच्या निम्म्याच अंतरावर आहे. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन तेथे जाणे विद्यार्थ्यांना सहज शक्य होते. ऑकलंड विद्यापीठात १९७८ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या विषयाचे विद्यार्थी तर अभ्यासाचाच भाग म्हणून या प्रदेशात वावरतात.

पर्यटकाच्या वाट्याला येथे एक किंवा दोन दिवस येतात. विद्यार्थ्याजवळ मात्र दोन-तीन वर्षांचा काळ असतो. एकाच जागी पुनःपुन्हा जाणे, वेगवेगळ्या ऋतूंत तीच चौकट टिपणे आणि तेथील माणसांशी परिचय वाढवणे त्याला शक्य असते. भूऔष्णिक प्रदेशात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण येथील भूदृश्य स्थिर नाही. आज दिसणारा झरा दहा वर्षांनी असेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणूनच येथे काढलेले साधे छायाचित्रही पुढे पुरावा ठरू शकते. या प्रदेशाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

भूमीची घडण

रुआपेहू पर्वतापासून ईशान्येकडे समुद्रातील फाकारी बेटापर्यंत पसरलेल्या पट्ट्याला टाउपो ज्वालामुखी क्षेत्र म्हणतात. पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकत असल्याने येथे कवच ताणले जाते आणि शिलारस तुलनेने कमी खोलीवर येतो. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी या उष्णतेने तापून दाबाखाली वर येते. ते संथपणे वाहिले तर झरा बनतो. अरुंद नळीत अडकून दाब साचल्यावर ते एकदम उसळले तर गायझर बनतो. पाणी कमी आणि आम्लयुक्त वाफ जास्त असेल, तर आजूबाजूचा खडक विरघळून चिखलाचे डोह तयार होतात.

महाराष्ट्रातील वाचकांना वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याची कुंडे परिचित आहेत. मात्र कोकणातील या झऱ्यांचे पाणी खोलवरच्या भेगांत उतरून तेथील नैसर्गिक उष्णतेने तापते. त्यामागे जिवंत ज्वालामुखी नाही आणि तेथे गायझरही नाहीत. घरोघरी न्हाणीघरात असलेल्या 'गिझर'चे नाव ज्या 'गायझर' शब्दावरून आले, तो मूळ आइसलंडमधील 'गेसिर' या उष्ण फवाऱ्याच्या नावावरून रूढ झाला आहे.

स्थळनामांच्या उच्चाराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माओरी भाषेत 'डब्ल्यू-एच' या अक्षरांचा उच्चार बहुतेक ठिकाणी 'फ' असा होतो. त्यामुळे नकाशावर 'व्हाकारेवारेवा' असे वाचले जाणारे गाव स्थानिकांच्या तोंडी 'फाकारेवारेवा' असते. नावाचा योग्य उच्चार ही तेथे आदराची पहिली खूण समजली जाते.

गुलाबी आणि शुभ्र पायऱ्यांची कथा

रोटोमाहाना सरोवराच्या काठी एके काळी सिलिकाच्या थरांनी बनलेल्या दोन विस्तीर्ण नैसर्गिक पायऱ्या होत्या. शुभ्र पायऱ्यांना 'ते ताराता' आणि गुलाबी पायऱ्यांना 'ओतुकापुआरांगी' म्हणत. तुहोउरांगी या माओरी समाजाचे लोक ते वाइरोआ या गावातून पर्यटकांना बोटीने तेथे नेत. सोफिया हिनेरांगी ही त्या काळची ख्यातनाम मार्गदर्शिका होती. ड्युनेडिनच्या बर्टन ब्रदर्स या स्टुडिओने, तसेच चार्ल्स स्पेन्सर, जॉर्ज व्हॅलेंटाइन आदी छायाचित्रकारांनी या पायऱ्यांची काचेच्या निगेटिव्हवर छायाचित्रे घेतली. जड कॅमेरे आणि काचा सांभाळत, बोटीतून आणि पायी केलेले ते काम होते.

१० जून १८८६ च्या पहाटे टारावेरा पर्वताचा उद्रेक झाला. सुमारे १२० माणसे मृत्युमुखी पडली, ते वाइरोआ गाव राख-चिखलाखाली गाडले गेले आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. रोटोमाहाना सरोवराचे रूपच पालटले. उद्रेकानंतर व्हॅलेंटाइन पुन्हा तेथे गेला आणि उद्ध्वस्त प्रदेशाची छायाचित्रे घेऊन आला. आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही संच उपलब्ध असल्याने या आपत्तीचे आकलन होऊ शकते.

पायऱ्यांचे नेमके काय झाले, हा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. २०११ मध्ये सरोवराच्या तळाचा यांत्रिक पाणबुडीच्या साहाय्याने शोध घेतला गेला, तेव्हा पायऱ्यांचे अवशेष पाण्याखाली असल्याचे संशोधकांनी जाहीर केले. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने १८५९ साली येथे आलेल्या फर्डिनांड फॉन होखश्टेटर या भूवैज्ञानिकाच्या दैनंदिनीतील मोजमापांच्या आधारे पायऱ्या जमिनीखाली गाडल्या गेल्या असाव्यात, असा दावा केला. हा वाद चालू आहे. त्यात वारंवार उपयोगी पडणारे साधन म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ती छायाचित्रे होत. मागच्या डोंगराची कड, काठाची रेषा, सरोवराचा कोपरा असे जे तपशील तेव्हा केवळ पार्श्वभूमी म्हणून चौकटीत आले, त्यांवरून आज स्थाननिश्चितीचा प्रयत्न होतो.

माणसाच्या हातून झालेले बदल

भूमी पालटते ती केवळ ज्वालामुखीमुळे नव्हे. टाउपोजवळ वाइराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. पाणीमिश्रित वाफेवर मोठ्या प्रमाणात वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांत ते जगात अग्रेसर होते. मात्र जमिनीतून पाणी आणि वाफ उपसली गेल्याने तेथील प्रसिद्ध गायझर खोऱ्यातील गायझर पुढील काळात निकामी झाले. त्याच वेळी जवळच्या कारापिटी भागात वाफेचे प्रमाण वाढले. हा भाग आज 'क्रेटर्स ऑफ द मून' या नावाने पर्यटनस्थळ म्हणून ओळखला जातो. एका ठिकाणचे दृश्य लोपले आणि दुसऱ्या ठिकाणी नवे निर्माण झाले. ओराकेई कोराको येथे १९६१ मध्ये जलविद्युत प्रकल्पाचे धरण भरल्यावर कितीतरी गायझर आणि झरे जलाशयाखाली गेले. आज तेथे दिसणाऱ्या रंगीत सिलिका-पायऱ्या हा मूळ विस्ताराचा उरलेला भाग आहे.

रोटोरुआ शहरात घरोघरी आणि हॉटेलांसाठी खोदलेल्या विंधनविहिरींमुळे गायझरांचा जोर ओसरू लागला, तेव्हा सरकारने १९८६ मध्ये पोहुतु गायझरपासून दीड किलोमीटरच्या परिघातील विहिरी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर परिस्थिती हळूहळू सुधारली. १९७९ मध्ये थांबलेला पापाकुरा गायझर २०१५ मध्ये पुन्हा सक्रिय झाला. साडेतीन दशके जे दृश्य केवळ जुन्या छायाचित्रांत होते, ते नव्याने प्रत्यक्ष दिसू लागले.

चौकटीतील व्यक्ती

पापाकुरा गायझरचे नाव एका स्त्रीशी जोडलेले आहे. फाकारेवारेवा येथील मार्गदर्शिका माकेरेती (१८७३-१९३०) या पर्यटकांत 'मॅगी पापाकुरा' म्हणून प्रसिद्ध होत्या. एका पर्यटकाने आडनाव विचारले असता त्यांनी जवळच्या गायझरकडे पाहून 'पापाकुरा' असे उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पोस्टकार्डांवर त्यांची छायाचित्रे छापली जात आणि जगभर जात. १९०१ मध्ये ब्रिटनचे भावी राजे पाचवे जॉर्ज रोटोरुआस आले, तेव्हा त्यांना हा परिसर दाखवण्याचे काम त्यांनी केले.

पुढे माकेरेती इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास करू लागल्या. विषय होता त्यांच्याच लोकांचे जीवन. प्रबंध सादर होण्यापूर्वीच १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन 'द ओल्ड-टाइम माओरी' या नावाने १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डने २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पदवी प्रदान केली. त्यांनी जमवलेल्या वस्तू आणि छायाचित्रे ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत.

परदेशी शिकणाऱ्या छायाचित्रकाराने हे उदाहरण आवर्जून ध्यानात घ्यावे. ज्या स्त्रीचे चित्र असंख्य पर्यटकांनी आठवण म्हणून विकत घेतले, ती स्वतः आपल्या समाजाची अभ्यासक होती. पर्यटकांच्या चौकटीत तिचा पोशाख आला, तिचे ज्ञान आले नाही. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचे नाव, त्याचे काम आणि त्याचे म्हणणे छायाचित्रासोबत नोंदवले, तर ही उणीव काही अंशी टाळता येते.

कोठे, केव्हा

रोटोरुआच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर वाइ-ओ-टापू हे स्थळ आहे. नावाचा अर्थ 'पवित्र पाणी'. येथील 'शॅम्पेन पूल' हा सुमारे ६५ मीटर व्यासाचा उष्ण डोह असून त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर असते. कर्ब-द्विप्राणिल वायूच्या बुडबुड्यांमुळे त्याला हे नाव पडले. काठाची केशरी किनार आर्सेनिक आणि अँटिमनीच्या संयुगांची आहे. याउलट ओराकेई कोराको येथील पायऱ्यांवरचे हिरवे-तपकिरी पट्टे उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असतात. तापमान बदलते तसे निरनिराळे सूक्ष्मजीव वाढतात आणि रंगही पालटतो. छायाचित्रातील रंग म्हणजे येथे एका परीने तापमानाचा नकाशाच होय. संगणकावर रंग भडक करताना याचे भान ठेवले पाहिजे.

वाइ-ओ-टापूजवळचा लेडी नॉक्स गायझर सकाळी सव्वादहा वाजता उसळवला जातो. त्याच्या तोंडात साबणासारखा पदार्थ टाकल्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि फवारा उडतो. कपडे धुणाऱ्या कैद्यांमुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा गुण लक्षात आला. वेळ ठरलेली असल्याने गर्दीही ठरलेली असते. पुढच्या ओळीतील जागेसाठी अर्धा तास आधी पोहोचावे, आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारा अंगावर येणार नाही अशी बाजू निवडावी.

फाकारेवारेवा येथील पोहुतु गायझर नैसर्गिकरीत्या दिवसातून अनेक वेळा उसळतो आणि त्याचा फवारा ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याला घड्याळ नाही. पण शेजारचा 'प्रिन्स ऑफ वेल्स फेदर्स' हा लहान गायझर बहुधा आधी सुरू होतो. तो दिसताच कॅमेरा सज्ज ठेवावा.

विद्यार्थ्याला मिळणाऱ्या दीर्घ काळाचा खरा उपयोग वाइमांगू खोऱ्यात होतो. हे खोरे १८८६ च्या उद्रेकातून निर्माण झाले. तेथील 'इन्फर्नो क्रेटर' या निळसर सरोवराची पातळी सुमारे ३८ दिवसांच्या चक्रात कित्येक मीटरनी वर-खाली होते. पर्यटकाला त्यातील एकच अवस्था दिसते. ठरावीक अंतराने चार-पाच वेळा जाऊन एकाच कठड्यावरून छायाचित्रे घेतल्यास संपूर्ण चक्राची मालिका तयार होऊ शकते.

विद्यार्थ्यांच्या खर्चाच्या दृष्टीने रोटोरुआ शहरातील कुइराऊ पार्क सोयीचा आहे. सार्वजनिक उद्यान असल्याने तेथे प्रवेशशुल्क नाही. वाइ-ओ-टापू परिसरातील मोठा चिखलाचा डोहही रस्त्यालगत असून विनाशुल्क पाहता येतो.

प्रकाश आणि वाफ

भारतातून जाणाऱ्या छायाचित्रकाराने सर्वप्रथम दिशांची सवय बदलावी. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि तो उजवीकडून डावीकडे सरकतो. ऋतूही उलट असतात. जून ते ऑगस्ट हा हिवाळा, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा. विद्यापीठांचे वर्ष साधारणतः फेब्रुवारीच्या अखेरीस वा मार्चमध्ये सुरू होते. म्हणजे सत्रांमधील मधली सुट्टी ऐन थंडीत येते आणि दीर्घ सुट्टी उन्हाळ्यात.

हा योग छायाचित्रणाला उपकारक आहे. वाफ स्वतः अदृश्य असते. डोळ्यांना दिसतात ते तिच्या थंड होण्याने बनलेले सूक्ष्म जलकण. हवा जितकी गार, तितके वाफेचे लोट दाट. त्यामुळे हिवाळ्यातील सकाळ वाफेच्या नाट्यमय छायाचित्रांसाठी उत्तम, परंतु तीच वाफ डोहांचे रंग झाकून टाकते. रंग हवे असतील तर उन्हाळ्यातील कोरडी, वाऱ्याची दुपार निवडावी. एकाच भेटीत दोन्हींची अपेक्षा धरली, तर बहुधा पदरी निराशाच येते.

पांढऱ्या वाफेने चौकट भरली की कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते आणि छायाचित्र करडे, काळपट येते. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे आणि हिस्टोग्राम पाहून वाफेतील तपशील उरला आहे ना, याची खात्री करावी. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यातही पडद्यावर बोट ठेवून उजळपणा हाताने बदलता येतो. सूर्य वाफेच्या मागे असेल, तर तिच्या कडा उजळतात आणि लोटांना खोली येते. फवाऱ्यात इंद्रधनुष्य हवे असेल, तर सूर्य पाठीशी असावा लागतो.

डोहाचा रंग आणि तळ दिसण्यासाठी पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३५ ते ४० अंशांचा कोन साधल्यास परावर्तन सर्वाधिक कमी होते. हाच फिल्टर चुकीच्या स्थितीत फिरवला गेला, तर इंद्रधनुष्यही नाहीसे करतो. गायझरचे थेंब गोठवण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटरवेग पुरेसा ठरतो. चिखलाचा बुडबुडा फुटतानाचा क्षण टिपायचा असल्यास पाचशेवा भाग चालतो, पण त्यासाठी एकाच बुडबुड्यावर नजर ठेवून थांबावे लागते. मोजपट्टीसारखी एखादी ओळखीची वस्तू, रेलिंग किंवा दूरवर उभी असलेली व्यक्ती चौकटीत आली, तर पाहणाऱ्याला आकाराचा अंदाज येतो.

कॅमेऱ्याची निगा

गायझरच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. तिचा तुषार लेन्सवर वाळला, तर काचेसारखा कठीण डाग राहतो आणि तो पुसून निघत नाही. म्हणून लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर चढवावा आणि तुषार पडताच, ओला असतानाच, स्वच्छ पाण्याने भिजवलेल्या मऊ कापडाने टिपून घ्यावा. हवेतील हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे चांदी व तांबे काळे पडते. चांदीचे दागिने खोलीवर ठेवावेत. कॅमेरा दिवसाअखेर पिशवीतून काढून कोरड्या हवेत ठेवावा. वाफेच्या जवळ लेन्स बदलू नये. गार हवेतून दमट, उष्ण जागी गेल्यास लेन्सवर बाष्प जमते. ते पुसण्याऐवजी कॅमेरा बंद पिशवीत काही मिनिटे ठेवून तापमान जुळू द्यावे.

जिवाची किंमत

या प्रदेशात चांगल्या कोनाच्या मोहाने मर्यादा ओलांडणे प्राणघातक ठरू शकते. वाइमांगू येथे १९०० ते १९०४ या काळात जगातील सर्वांत उंच उसळणारा गायझर होता. ऑगस्ट १९०३ मध्ये सुरक्षित अंतरावर परतण्याची सूचना न मानणाऱ्या चौघांचा त्याच्या अचानक उद्रेकात बळी गेला. कुइराऊ पार्कमध्ये जानेवारी २००१ मध्ये अनपेक्षित स्फोट होऊन चिखल आणि दगड उडाले. शहराच्या मधोमध असलेली बागही याला अपवाद नाही, हे त्यातून दिसले.

सर्वांत भीषण घटना ९ डिसेंबर २०१९ ची. फाकारी, म्हणजेच व्हाइट आयलंड, येथे दुपारी उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ जणांचा मृत्यू झाला आणि उरलेल्यांपैकी अनेक गंभीररीत्या भाजले. ज्वालामुखीची इशारा-पातळी त्याआधी तीन आठवडे, १८ नोव्हेंबरलाच, एकवरून दोनवर नेण्यात आली होती. विवरावरील स्वयंचलित कॅमेऱ्याने उद्रेकापूर्वीच्या काही क्षणांत विवराच्या आत चालणारी माणसे टिपली होती. सहलीची विक्री चालू आहे म्हणजे धोका नाही, असे अनुमान काढता येत नाही, हा या घटनेचा धडा आहे. न्यूझीलंडमधील 'जिओनेट' ही यंत्रणा प्रत्येक ज्वालामुखीची शून्य ते पाच अशी इशारा-पातळी संकेतस्थळावर जाहीर करते. निघण्यापूर्वी ती स्वतः पाहावी आणि समजून घ्यावी.

प्रत्यक्ष जागेवरचे नियम थोडे, पण कडक आहेत. आखलेली लाकडी पायवाट सोडू नये. घट्ट वाटणारी पांढरी जमीन काही ठिकाणी उकळत्या पाण्यावरील पातळ कवच असते. ट्रायपॉडचे पाय पायवाटेबाहेर टेकवू नयेत. कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहत मागे सरकू नये. दाट वाफेत पुढचे दिसेनासे झाले, तर जागीच थांबावे. सखल, बंदिस्त जागी साचणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो. त्याचे प्रमाण वाढले की वास येणेच बंद होते, म्हणून वास येत नाही याचा अर्थ हवा शुद्ध आहे, असा घेऊ नये. नैसर्गिक उष्ण झऱ्यात उतरल्यास डोके पाण्याखाली नेऊ नये, असे फलक अनेक ठिकाणी आढळतात. दुर्मीळ पण प्राणघातक मेंदूज्वराला कारण होणारा अमीबा अशा पाण्यात असू शकतो.

परवानगी आणि पावित्र्य

फाकारेवारेवा हे प्रदर्शनासाठी उभारलेले गाव नाही. टारावेराच्या उद्रेकात घरे गमावलेल्या तुहोउरांगी लोकांपैकी अनेकांना तेथील आप्तांनी आश्रय दिला, आणि त्यांचे वंशज आजही तेथे राहतात. नैसर्गिक वाफेवर अन्न शिजवतात आणि उष्ण पाण्यात स्नान करतात. पर्यटकांना ठरावीक वेळेत, स्थानिक मार्गदर्शकांसोबत गाव पाहता येते. घरांच्या खिडक्या, अंगणातील मुले, स्नानाच्या जागा आणि दफनभूमी यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

'टापू' या माओरी संकल्पनेत पावित्र्य आणि निषेध हे दोन्ही अर्थ येतात. सभागृहाच्या आत छायाचित्रण करता येते की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. ते आधी विचारावे. स्वागतविधी चालू असताना कॅमेरा खाली ठेवणे उचित. चेहऱ्यावरील गोंदण, ज्याला 'मोको' म्हणतात, ती केवळ नक्षी नसून त्या व्यक्तीच्या वंशाची आणि नात्यांची ओळख असते. त्याचे जवळून छायाचित्र घेताना संमती तर हवीच, पण ते कोठे वापरले जाईल हेही सांगावे. टारावेरा पर्वत माओरी मालकीचा असून तेथे अधिकृत मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही.

ड्रोन वापरणाऱ्यांनी देशाचे विमानवाहतूक नियम पाळले पाहिजेत. सामान्यतः १२० मीटरपेक्षा उंच उडवता येत नाही, आणि ज्या जमिनीवरून वा व्यक्तींवरून ते न्यायचे, त्यांची संमती लागते. संवर्धन खात्याच्या अखत्यारीतील जमिनीवर त्यासाठी, तसेच व्यावसायिक छायाचित्रणासाठी, स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी छायाचित्रे विकण्यापूर्वी किंवा लग्न-समारंभांची कामे घेण्यापूर्वी व्हिसाच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. शिकता शिकता नोकरी करण्याची मर्यादित मुभा असली, तरी स्वतंत्र व्यवसाय करण्याची मुभा तीत धरली जात नाही. शंका असल्यास शिक्षणसंस्थेच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारावे.

नोंद आणि जतन

छायाचित्र पुरावा ठरावे यासाठी त्यासोबत नोंद असावी लागते. न्यूझीलंडची वेळ भारताच्या साडेसहा तास, आणि तेथील उन्हाळी वेळेत साडेसात तास पुढे असते. अनेकांच्या कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने भारतीय वेळच राहते आणि पहाटेच्या छायाचित्रावर मध्यरात्रीपूर्वीची वेळ उमटते. पोहोचताच घड्याळ बदलावे. प्रत्येक भेटीनंतर स्थळ, कॅमेऱ्याची दिशा, लेन्सची नाभीय लांबी, हवामान आणि शक्य असल्यास सूचनाफलकावरील माहिती वहीत टिपावी. पुढच्या खेपेस त्याच ठिकाणी, त्याच उंचीवरून आणि त्याच लेन्सने पुन्हा छायाचित्र घ्यावे. मागचा डोंगर, कठडा, झाड यांपैकी काही तरी स्थिर वस्तू चौकटीत ठेवावी. मूळ फाइल न बदलता वेगळी जपावी आणि तिची किमान एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

जुन्या छायाचित्रांशी तुलना करू इच्छिणाऱ्यांसाठी वेलिंग्टन येथील राष्ट्रीय ग्रंथालय आणि 'ते पापा' हे राष्ट्रीय संग्रहालय यांचे संग्रह उपयुक्त आहेत. त्यांतील अनेक छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. बर्टन ब्रदर्सच्या निगेटिव्हचा मोठा साठा 'ते पापा'मध्ये आहे. शंभर वर्षांपूर्वीची एखादी चौकट निवडून आज तीच जागा शोधणे हा अभ्यास आणि प्रवास यांना जोडणारा उपक्रम ठरू शकतो.

१८८५ साली रोटोमाहानाच्या काठी कॅमेरा लावणाऱ्या छायाचित्रकारांना पुढच्याच वर्षी समोरचे दृश्य नाहीसे होणार, याची कल्पना नव्हती. त्यांनी आपले काम नीट केले आणि काचा जपून ठेवल्या, एवढेच. त्या प्रदेशात काही वर्षे राहण्याची संधी मिळालेल्या विद्यार्थ्यालाही तेवढे करता येण्यासारखे आहे.